सोपं करा, सपाट नको



आज एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. आमच्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात एखादी स्क्रीन आवडली की कुणीतरी म्हणतं, "वा, किती सिम्प्लिस्टिक डिझाइन आहे!" त्याला म्हणायचं असतं 'सुटसुटीत'. पण सिम्प्लिस्टिक हे कौतुक नाही, ती तक्रार आहे. गुंतागुंतीची गोष्ट गरजेपेक्षा जास्त सोपी केली आणि त्यात महत्त्वाचं काही गळालं, असा तिचा अर्थ. सिम्पल म्हणजे सोपं. सिम्प्लिस्टिक म्हणजे फसवं सोपं.

मराठीत हा फरक दाखवायला शब्द भरपूर आहेत. कौतुक करायचं तर सोपं, सुलभ, सुटसुटीत. तक्रार करायची तर ढोबळ, सरसकट, बाळबोध. यातला 'बाळबोध' गमतीचा आहे. मोडीच्या तुलनेत वाचायला सोपी म्हणून देवनागरीला पूर्वी बाळबोध लिपी म्हणत. त्यात हिणवणं नव्हतं. आज मात्र "तुझं म्हणणं बाळबोध आहे" म्हटलं की समोरचा चिडतो. लेखांमध्ये 'अतिसुलभीकरण' हा जड शब्द भेटतो. मला आपल्या सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याच्या तोंडचा 'सपाटीकरण' जास्त पटतो. उंचसखल रान मशीन लावून सपाट करता येतं. पण घाईघाईत केलं तर वरची कसदार माती खाली गाडली जाते आणि मुरूम वर येतो. रान दिसायला छान, पीक मात्र येत नाही.

मग सोपं कुठं संपतं आणि सपाट कुठं सुरू होतं? प्रोग्रॅम लिहिताना आम्ही रोज गोष्टी वगळतो. बँकेच्या ॲपला खातेदाराची उंची लागत नाही, वगळली तरी चालते. जन्मतारीख वगळली तर ज्येष्ठ नागरिकाचं व्याज चुकतं. म्हणून कसोटी एकच: वगळलेली गोष्ट परत घातली तर उत्तर बदलतं का? बदलत नसेल तर ते सुलभीकरण. बदलत असेल तर सपाटीकरण.

ही कसोटी आपल्या भागात लावून बघू. १० नोव्हेंबर १६५९, सातारा जिल्ह्यातला प्रतापगड. शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट. व्हॉट्सॲपवर हा प्रसंग चार शब्दांत उरकतो: हिंदू विरुद्ध मुसलमान, बस्स. आता वगळलेलं परत घाला. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर. महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम. मावळच्या देशमुखांपैकी कान्होजी जेधे महाराजांच्या बाजूला, खंडोजी खोपडे खानाच्या बाजूला. उत्तर बदललं की नाही? आदिलशाही आणि उभं राहू पाहणारं स्वराज्य यांच्यातला सत्तेचा संघर्ष दिसायला लागतो. धर्माचं नाव तेव्हाही घेतलं जायचं, ते लपवायचं कारण नाही. पण कोण कुठल्या बाजूला हे फक्त धर्मावरून ठरत नव्हतं.

त्या चार शब्दांची किंमत काय असते? या घटनेनंतर ३५० वर्षांनी, २००९ च्या गणेशोत्सवात, याच प्रसंगाचं चित्र असलेल्या कमानीवरून मिरजेत दंगल पेटली. आणि हे मिरज म्हणजे मिरासाहेबांच्या दर्ग्याचं, उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचं, सतारी घडवणाऱ्या कारागिरांचं मिरज.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या. आता आपल्याकडचं बोलू.

आपणही फॉरवर्ड पाठवतो: "महाराजांच्या सैन्यात इतके टक्के मुसलमान होते." तो आकडा कुठल्या कागदावरून आला, हे पाठवणाऱ्याला कुणी विचारतं का? सिद्दी इब्राहिमचं नाव पुरेसं बोलकं असताना टक्केवारी कशाला? समोरच्याच्या सपाटीकरणाला आपलं सपाटीकरण हे उत्तर नाही.

दुसरं. "आमच्याकडे पहिल्यापासून सगळे गुण्यागोविंदानं राहतात." कडेगावच्या मोहरमचे गगनचुंबी ताबूत हिंदू-मुस्लिम मिळून उभे करतात, हे खरं आहे आणि अभिमानाचं आहे. पण कडेगाव आणि मिरज एकाच सांगली जिल्ह्यात आहेत. फक्त कडेगाव सांगितलं तरी सपाटीकरण, फक्त मिरज सांगितलं तरी सपाटीकरण.

तिसरं, 'मुस्लिम समाज' हा शब्द. त्यात बागवान आहेत, तांबोळी, अत्तार, मुलाणी, शिकलगार, पिंजारी आहेत. शिष्यवृत्तीचा किंवा ओबीसी दाखल्याचा प्रश्न आला की हे वगळून चालत नाही, कारण उत्तर बदलतं. आणि प्रत्येक ठिकाणी बायका वगळल्या तर ते निम्म्या समाजाचं बोलणं होतं.

आता या शब्दाचा गैरवापर. 'अतिसुलभीकरण' ही चांगली ढालही आहे. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक ३ विरुद्ध २ मतांनी रद्द ठरवला. त्या वेळी कितीतरी जण म्हणत होते, "विषय गुंतागुंतीचा आहे, इतकं सोपं करू नका." कायद्याची बाजू गुंतागुंतीची होतीच, पाच न्यायमूर्तींचंही एकमत झालं नाही. पण तीन शब्दांत घराबाहेर काढलेल्या बाईवर अन्याय झाला, यात काय गुंतागुंतीचं आहे? कसोटी इथंही लावा. कितीही तपशील परत घातले तरी हे उत्तर बदलत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून हिंसाचार झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. पोस्ट कुणी टाकली, अकाउंट कुणाचं, हे शोधायला तपास लागतो, वेळ लागतो. पोस्टवरून माणूस मारणं चूक, हे समजायला कुठलाही तपास लागत नाही. जमावानं नेमकं उलटं केलं. तपासाचं काम एका क्षणात सोपं करून टाकलं, आणि जे सोपं होतं ते विसरला.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. पुढचा फॉरवर्ड आला की बोट क्षणभर थांबवा आणि विचारा, यात काय वगळलंय? तो मेसेज आपल्या बाजूचा असेल तेव्हा तर नक्की विचारा. लहान भावाला, शेजाऱ्याला, आजीला समजेल इतकं सोपं जरूर बोला. फक्त कसदार माती वरच राहू द्या.