अवचित येणारें भय

रोह्याजवळ दाट झाडींत उभ्या असलेल्या किल्ल्याचें नांव अवचितगड. ‘अवचित’ म्हणजे ध्यानींमनीं नसतां. रान तुडवीत माथ्यावर पोंचलेला वाटसरू तेथील टाक्यांत डोकावतो, तेव्हां गार वाऱ्यानें सुखावलेलें त्याचें मन क्षणभर दचकतें; पाण्याचा तळ दिसत नाहीं, एवढें कारण पुरतें. अशा भयास कोंकणांत जुनें नांव आहे. ओळखीच्या रानांत वाट चुकून माणूस फिरून फिरून त्याच जागीं येऊं लागला, म्हणजे त्यास ‘चकवा लागला’ असें म्हणतात. चकव्याच्या गोष्टींत भूत क्वचितच दिसतें. भय असतें तें ओळखीची वाट अनोळखी झाल्याचें.

पेण-रोह्याच्या घरांतील मुलें आज अशी भटकंती व्हिडिओ गेमच्या पडद्यावरहि करतात. शत्रूस मारणें किंवा शर्यत जिंकणें हा हेतु नसून नवें जग हिंडून पाहणें हाच ज्यांचा हेतु, ते खेळ पालकांस निरुपद्रवी वाटतात. पण त्यांतच कधीं कधीं असें भय पुढें ठाकतें कीं, भुताखेतांच्या खेळांतहि तसें भेटत नाहीं. कारण उघड आहे. भुतांचा खेळ मांडणारा मन घट्ट करून बसतो; शोधयात्रेस निघालेला मन मोकळें सोडून निघतो.

२०१८ सालीं पूर्णरूपानें प्रसिद्ध झालेला ‘सबनॉटिका’ हा अमेरिकन खेळ पाहावा. परग्रहावरील समुद्रांत यान कोसळून एकटा उरलेला खेळाडू प्रथम उथळ पाण्यांत रंगीत मासे पाहत हिंडतो. अन्न, पाणी व श्वास यांची तजवीज करतां करतां त्यास दूर आणि खोल जावें लागतें. उजेड मंदावतो, आणि गढूळ निळाईंतून एका अजस्र प्राण्याची डरकाळी ऐकूं येते. प्राणी मात्र दिसत नाहीं. अमेरिकेंतील सँडी हुक शाळेंत २०१२ सालीं झालेल्या गोळीबारानंतर, कर्ता चार्ली क्लीव्हलंड यानें या खेळांत बंदुका न ठेवण्याचें ठरविलें. त्यामुळें पळणें, लपणें व समजून घेणें हेच खेळाडूचे मुख्य उपाय उरतात.

२०१९ च्या ‘आउटर वाइल्ड्स’ मध्यें एक चिमुकली सूर्यमाला आहे. तींतील धुक्यानें भरलेल्या काटेरी जाळींत दिवा लुकलुकतो. जवळ जावें तों तो एका प्रचंड माशाच्या कपाळावरचा निघतो! परंतु अन्यत्र सांपडणाऱ्या जुन्या लिखाणांत सूचना आहे कीं, हे मासे आंधळे आहेत. इंजिन बंद ठेवून निःशब्द तरंगत जाणारा सुखरूप पार होतो. घरोघरीं पोंचलेल्या ‘माइनक्राफ्ट’ मध्यें २०२२ सालीं आलेला ‘वॉर्डन’ हा राक्षसहि आंधळाच. पावलांच्या कंपावरून तो सावज हेरतो. लोकर अंथरली म्हणजे पाऊल त्यास कळत नाहीं.

यावरून भयाची पारख करतां येते. दारामागून ‘भॉक्’ करणारा दचकवितो, शिकवीत कांहींच नाहीं. वरील भय त्या त्या जगाच्या नियमांतून उपजतें, आणि जो निरीक्षण करील त्यास सुटण्याची वाट ठेवितें. तसें असूनहि तें सर्वांस सोसेलच असें नाहीं. ‘आउटर वाइल्ड्स’च्या कर्त्यांनीं २०२१ सालच्या पुरवणींत भय सौम्य करण्याची सोय मुद्दाम ठेविली, ही जबाबदारीची जाणीव होय.

‘सबनॉटिका’ व ‘माइनक्राफ्ट’ हे दोन्ही खेळ अमेरिकेंत दहा वर्षांवरील सर्वांस योग्य ठरविले आहेत. अशा आंकड्यावरून काळोखाचा नि एकटेपणाचा भार किती, हें क्वचितच कळतें. म्हणून एखादी दहा वर्षांची मुलगी रात्रीं दिवा मालवूं देत नसेल, तर तिला भित्री म्हणून हिणवूं नये; खेळहि रागानें हिसकावूं नये. वडील माणसानें दिवसाउजेडीं तिच्याशेजारीं बसावें, आवाज थोडा कमी करावा, आणि तिलाच विचारावें : तो प्राणी पाहतो कीं ऐकतो? कोठवर येतो, आणि कोठें येत नाहीं? रानांत चकवा लागल्यास धांवूं नये, जागीं बसावें, उजाडूं द्यावें, असेंच जुनीं माणसें सांगत. एवढें करूनहि झोप मोडतच राहिली, तर तो खेळ वर्ष-दोन वर्षें बाजूस ठेवावा. गड कोठें जात नाहीं. पाय बळकट झाल्यावर पुन्हां चढतां येतो.