मोठ्या डोक्याची मुंगी

(शाळेतील मुलांसमोर केलेले भाषण)



आज आपण मुंगीविषयी बोलू. हत्ती आणि सिंह यांच्याविषयी तुम्ही पुष्कळ ऐकले असेल. पण ते काही आपल्या घरात येत नाहीत. मुंगी मात्र न बोलावता येते. आणि आपल्या मॉरिशसमध्ये साखरेला काय तोटा!

समजा, स्वयंपाकघरात साखरेचे चार दाणे सांडले. एका मुंगीला ते सापडले. ती घरी परत निघते. जाताना पोटाचे टोक जमिनीला टेकवते आणि वासाची बारीक रेघ ओढत जाते. ही रेघ आपल्याला दिसत नाही. पण मुंग्या डोक्यावरच्या दोन मिशांनी वास घेतात. त्या रेघेवरून इतर मुंग्या साखरेपाशी येतात आणि परतताना त्याही रेघ ओढतात. वास वाढत जातो. पाहता पाहता रांग लागते! साखर संपली, की नवी रेघ कोणी ओढत नाही. जुना वास उडून जातो आणि रांग मोडते.

खोटे वाटत असेल, तर रांगेतल्या मोकळ्या जागेवरून एकदा ओले बोट फिरवा. मुंग्यांना मात्र चिरडू नका. त्या तेथे येऊन थांबतील, गोंधळतील, वाट शोधू लागतील.

मुंग्यांचा वासावर फार विश्वास. अमेरिकेत एडवर्ड विल्सन नावाचे शास्त्रज्ञ होते. १९५८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. मुंगी मेल्यावर काही दिवसांनी तिच्या अंगात ओलेइक आम्ल तयार होते. त्याचा वास आला, की इतर मुंग्या तिला उचलून कचऱ्याच्या ढिगावर टाकतात. विल्सन यांनी हे आम्ल जिवंत मुंग्यांना लावले. काय झाले असेल? बहिणींनी त्यांनाही उचलले आणि ढिगावर नेऊन टाकले! बिचाऱ्या पाय झाडत होत्या, पण ऐकतो कोण? परत आल्या, की पुन्हा ढिगावर. अंग चाटूनपुसून वास गेला, तेव्हाच त्यांची सुटका झाली.

तुम्हांला वाटेल, कामे वाटून देणारी राणी असेल. नाही. राणीचे काम अंडी घालणे. ती हुकूम देत नाही.

मग कोणती मुंगी काय करणार, हे कसे ठरते? त्यासाठी आपल्या बेटावरचीच एक मुंगी पाहू. १७९३ साली डेन्मार्कच्या फाब्रिसियस यांनी मॉरिशसहून आलेल्या या मुंगीला शास्त्रीय नाव दिले. त्या नावाचा अर्थच 'मोठ्या डोक्याची' असा आहे. पण तिच्या घरातल्या सगळ्याच मुंग्यांचे डोके मोठे नसते. बहुतेक कामकरी मुंग्या लहान असतात. त्या अन्न आणतात, पिल्लांना भरवतात, घर झाडतात. थोड्याच मुंग्यांचे डोके भले मोठे असते. मजबूत जबड्यांनी त्या मोठे किडे फाडतात आणि शत्रूशी लढतात. या शिपाई मुंग्याही माद्याच असतात, बरे का!

विल्सन यांनी याच कुळातल्या मुंग्यांवर आणखी एक प्रयोग केला. तो १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी घरातल्या लहान मुंग्या खूप कमी केल्या. पिल्लांना आता कोण सांभाळणार? थोड्याच वेळात मोठ्या डोक्याच्या मुंग्या पिल्लांपाशी गेल्या आणि त्यांची काळजी घेऊ लागल्या! एरवी लहान मुंग्या पिल्लांजवळ असल्या, तर त्या तिकडे फिरकतही नाहीत. जागा रिकामी दिसली, तेव्हा मात्र शिपाई दाया झाल्या.