डब्यातल्या उरलेल्या गोळ्या
(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात ज्येष्ठ नागरिकांसाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. डी.फार्म. करून सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे उभा राहणारा माणूस आहे. म्हणून औषध सुचवणार नाही. घेताना काय पाहावे, तेवढेच सांगतो.

सुरुवात माझ्याच घरापासून. श्रावणातल्या पावसात वडिलांना खोकला झाला. वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेहाची गोळी चालू. बिस्किटांच्या डब्यात मागच्या आजारातल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या उरल्या होत्या. मी कामावर असताना त्यांनी त्या सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे अंग घामाने भिजलेले, बोलणे असंबद्ध! साखर एकदम उतरली होती. दवाखान्यात नेले, ते बरे झाले. पण औषधे देणाऱ्याच्याच घरात हे घडले, याची लाज मला अजून वाटते.

या गटातली औषधे मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकतात. साठीनंतर त्यांच्यामुळे टाचेमागची कंडरा तुटण्याचाही धोका वाढतो. शिवाय वयाबरोबर मूत्रपिंडांचे काम मंदावते आणि कित्येक औषधे शरीरात जास्त वेळ राहतात. म्हणून शेजारच्या तरुणाला मानवलेली मात्रा आजोबांना चालेलच असे नाही.

आणि मुळात सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. लघवीचेही तसेच. उतारवयात तपासणीत जंतू दिसणे सामान्य आहे. जळजळ, ताप असा त्रास नसेल तर सहसा औषध लागत नाही.

उलट बाजूही ऐका. म्हातारपणी न्यूमोनियात ताप येईलच असे नाही. जेवण सुटले, धाप लागली, माणूस अचानक गोंधळला, तर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तिथे अँटिबायोटिक जीव वाचवते.

डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करण्याची गोळी, मूत्रपिंडाचा जुना रिपोर्ट, पूर्वी आलेली अॅलर्जी, हे न विचारता सांगा. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी किती वेळाने घ्यायची, ते विचारा. औषध सुरू असताना पातळ जुलाब लागले तर लगेच कळवा. बरे वाटले म्हणून स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका.

पाकिटावरची उभी लाल रेघ पाहा. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ. 2014 पासून अनेक अँटिबायोटिक्सच्या विक्रीची वेगळी नोंद दुकानदाराला ठेवावी लागते. तेव्हा तो चिठ्ठी मागतो म्हणून रागावू नका.

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, तो पेनिसिलिन आपल्याच देशात तयार व्हावे म्हणून. त्या वेळी औषध मिळणे कठीण होते. आज ते सहज मिळते, पण वाटेल तसे वापरल्याने जंतू त्याला दाद देईनासे झाले आहेत. नातवंडांसाठी ते चालू राहायला हवे.

आज घरी गेल्यावर एवढेच करा : औषधांचा डबा उघडा आणि उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या बाजूला काढा. त्या पुन्हा कुणाच्या पोटात जाऊ देऊ नका.

गणपती बाप्पा मोरया!