इथेनॉल आणि आपली चूल

(छत्रपती संभाजीनगर येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



इथेनॉल म्हटलं की हा विषय गाडीवाल्यांचा, असं सगळे धरून चालतात. २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठल्याचं सरकारने जाहीर केलं आणि वाद पेटला तो मायलेजचा. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, तेव्हा गाडी थोडी कमी पळणार हे खरंच. जुन्या गाड्यांसाठी साधं पेट्रोलही मिळावं म्हणून याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, सप्टेंबर २०२५ मध्ये ती फेटाळली गेली. या सगळ्या चर्चेत बाई कुठेच नव्हती. गाडी बहुतेक घरांत पुरुषाच्या हातात, म्हणून चर्चाही त्यांचीच.

पण हेच इंधन स्वयंपाकघरातही येऊ शकतं, आणि तिथे आपल्याला बोलावंच लागेल. हे स्वप्नरंजन नाही. आपल्याच महाराष्ट्रात, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी इथेनॉलवर चालणारा स्टोव्ह तयार केला. (या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की ‘नारी’ होतं!) गोड ज्वारीपासून मद्यार्क काढण्याचं काम तिथे १९८०च्या दशकातच सुरू झालं होतं. त्यांच्या स्टोव्हला शुद्ध मद्यार्क लागत नाही. निम्मं पाणी असलेलं इंधनही त्यात जळतं. धूर नाही, काजळी नाही. चुलीपुढे बसून डोळे चोळणाऱ्या, खोकणाऱ्या बायका आपण रोज पाहतो. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलिंडर घरात आला. पण तो संपल्यावर पुन्हा भरायला पैसे नाहीत म्हणून चूल पेटतेच. अशा घरात गावातच तयार होणारं, बाटलीभर विकत घेता येणारं इंधन आलं तर मला आनंदच होईल.

आता अडचण ऐका. इथेनॉल म्हणजे दारूच. आपण गावोगाव आडव्या बाटलीला मतं मागितली, दुकानं बंद पाडली, आणि आता बाटली थेट फडताळात ठेवायची? पिता येऊ नये म्हणून त्यात विषारी किंवा कडू पदार्थ मिसळतात हे मला माहीत आहे. पण २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरावर माणसं गेली. विष आहे हे ठाऊक असून विकणारे असतात, आणि मेलेल्याच्या मागे घर ओढते ती बाईच. शिवाय या इंधनाची ज्योत दिवसा नीट दिसत नाही. पदर पेटला तर कळायला उशीर होईल. म्हणून स्टोव्ह कुठला, इंधनात काय मिसळणार, विकणार कोण, हे ठरवताना बचत गटांना विचारलं गेलं पाहिजे.

आणि याहून मोठा प्रश्न पाण्याचा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात आपल्या शहरातल्या मद्य कारखान्यांचं पाणी कमी करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला द्यावा लागला. पाणी आटलं की हंडा कुणाच्या डोक्यावर येतो, ते तुम्हाला सांगायला नको. मक्यापासूनही इथेनॉल होतं, त्याला पाणी कमी लागतं. सिल्लोड, कन्नड, फुलंब्रीकडे मका भरपूर. तो रस्ता त्यातल्या त्यात बरा, पण खाद्य महागल्यावर घराघरातल्या चार कोंबड्यांचं काय, हेही बघावं लागेल.

ऊस मात्र तोडतं कोण? आपल्या बीड-जालन्याची, या जिल्ह्याचीही जोडपी. नवराबायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची माहिती आली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली होती. खाडा पडू नये म्हणून! आणि ही बाई दिवसभर मोळ्या वाहून कोपीवर परतते तेव्हा तीन दगडांच्या चुलीवर पाचट आणि काटक्या पेटवते. जे इंधन तिच्या कोयत्यातून निघतं ते शहरातल्या मोटारीत जळतं.

म्हणून माझं म्हणणं असं की धूर नसलेलं इंधन आधी कोपीवर पोहोचवा, मग टाकीत घाला. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी उसाच्या टनामागे दहा रुपये कापायचं ठरलं, तसंच इथेनॉलच्या लिटरमागेही काही तरी ठरवा. कोयत्याची मजुरी बाईच्या खात्यावर वेगळी जमा करा.

सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबर अखेरपर्यंत होतात. सभासद बायका थोड्या आहेत, कारण सातबाऱ्यावरच त्यांची नावं थोडी आहेत. पैठण तालुक्यातल्या गटांनी अशा जणींची यादी आत्तापासून करायला घ्यावी. सभेत हे प्रश्न विचारायचे तर लेखी द्यावे लागतील. मसुदा माझ्याकडे आहे, निघण्यापूर्वी प्रती घेऊन जा.