देशांतराचे उलटसुलट प्रवाह : मॉरिशसचे उदाहरण

मॉरिशस बेटावर मुळात मनुष्यवस्तीच नव्हती. सतराव्या शतकात डच, अठराव्यात फ्रेंच आणि १८१० साली इंग्रज असे सत्ताधीश तेथे पालटत गेले. मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिका व मादागास्कर येथून गुलाम आणण्यात आले. तेथील प्रत्येक घराण्याचा इतिहास अशा रीतीने बंदरापासूनच सुरू होतो.

गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ साली झाला आणि मळेवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून निघालेले ‘ॲटलस’ जहाज छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईस येथे पोहोचले. पुढे विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सुमारे साडेचार लाख लोक या वाटेने आले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि शिधा अशा अटी असत. मात्र एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापले जाई. गुलामगिरी कागदोपत्री संपली तरी मळ्यावरील तिची सवय संपलेली नव्हती, असेच म्हणावे लागेल. मुंबई बंदरातून गेलेले मजूर कलकत्ता व मद्रास यांच्या मानाने थोडे. त्यांत कोकणातील माणसे होती. त्यांच्या वंशजांनी मराठी टिकविली, आणि गणेश चतुर्थीला तेथे आज सार्वजनिक सुटी असते.

यानंतर प्रवाह फिरला. मलेरियाच्या निर्मूलनानंतर मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले. १९६१ साली अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी लोकसंख्येचा भार या बेटाला पेलवेल काय, याविषयी गंभीर शंका व्यक्त केली. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला त्या सुमारास रोजगाराच्या शोधात तरुण बाहेर पडत होते : कोणी ब्रिटनच्या रुग्णालयांत परिचारक म्हणून, कोणी फ्रान्सला, कोणी ऑस्ट्रेलियाला.

मीड यांची भीती खरी ठरली नाही. १९७० च्या कायद्याने निर्यातक्षम उद्योगांना सवलती मिळाल्या, कापड कारखाने उभे राहिले, जन्मप्रमाणही उतरले; आणि १९९० नंतर मजूर बाहेरून आणण्याची वेळ आली. प्रथम चीनमधून, नंतर बांगलादेश, भारत, नेपाळ व मादागास्कर येथून ते येऊ लागले.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. करार संपल्यावर जुन्या मजुरास राहता येत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मळ्यांचे तुकडे विक्रीस निघाले तेव्हा त्यांतील अनेकांनी जमीन घेतली. गावोगावच्या ‘बैठकां’त मुले अक्षरे शिकली. १९४७ च्या राज्यघटनेने साधे लिहिता-वाचता येणाऱ्यास, मग भाषा बेटावरील कोणतीही असो, मताधिकार दिला, तेव्हा त्या अक्षरांचे मोल कळून आले. आजच्या कारखान्यातील परदेशी मजुराचा परवाना मुदतीचा असतो. तो बहुधा कारखान्याच्या वसतिगृहात राहतो, कुटुंब मागे गावी असते. ज्या घाटाच्या सोळा पायऱ्या चढून पूर्वीचे लोक आले, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा ठरला. नव्या मजुराला मुदत संपताच विमानतळावरून परतावे लागते.