शाळेच्या अंगणातील ऊर्जा



सूर्यचूल, गोबरगॅस संयंत्र, सौरदिवा ही साधने खेडोपाडी पोचली; परंतु त्यांतील कित्येक किरकोळ दुरुस्तीअभावी बंद पडतात. साधन आले, पण त्याचे ज्ञान त्याच्यासोबत आले नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. ते ज्ञान गावात रुजविण्याचे सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे गावची शाळा.

या दृष्टीने पुणे जिल्ह्यातील पाबळचा प्रयोग मननीय आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. तेथून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा माध्यमिक शाळांसाठीचा अभ्यासक्रम पुढे आला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य ही त्याची चार अंगे. आठवड्यातील एक दिवस विद्यार्थी प्रत्यक्ष काम करतात आणि ते काम गावाच्या उपयोगी पडावे, असा त्यामागील आग्रह आहे. डॉ. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. त्यांनी घालून दिलेली दिशा मात्र आजही तितकीच मोलाची आहे.

अशा कामातून गणित आणि विज्ञान कसे उलगडते, ते पाहण्यासारखे आहे. मार्चच्या विषुवदिनी भर मध्यान्ही पाबळच्या अंगणात एक मीटरची काठी उभी रोवली, तर तिची सावली सुमारे ३४ सेंटिमीटर भरते. काठी व सावली यांचा त्रिकोण वहीत काढून कोन मोजला, की तो सुमारे १९ अंश येतो. हाच त्या गावाचा अक्षांश! सौरपट्टी दक्षिणाभिमुख ठेवून साधारण तेवढीच कलती करावयाची असते. भूगोल, भूमिती आणि अभियांत्रिकी येथे एका काठीपाशी एकत्र येतात. त्याच पट्टीच्या एका कोपऱ्यावर तळहाताची सावली धरून मापकाचा काटा पाहिला, म्हणजे थोडीशी सावली वा धूळही किती वीज खाते, हे निराळे सांगावे लागत नाही.

सूर्यचूल तयार करताना एका गटाने पेटीच्या भिंतींत भाताचा कोंडा भरावा, दुसऱ्याने पोकळी तशीच ठेवावी. दोन्हींत तांदूळ शिजत ठेवून दर पंधरा मिनिटांनी तापमान टिपावे. एखाद्या पेटीतील भात कच्चा राहिला, तरी गुण कापू नयेत. उष्णता कोठून निसटली याचा शोध घेऊ द्यावा. पाठांतरात मागे पडणारी मुले अशा शोधात पुष्कळदा पुढे असतात. त्यांची बुद्धी वाया जाऊ देणे गावाला परवडणारे नाही.

यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. गावातील सुतार, लोहार व वीजतंत्री यांना शाळेने सन्मानाने पाचारण करावे. पंचायतीने बंद पडलेले सौरदिवे आणि गोबरगॅस संयंत्रे यांची यादी शाळेकडे द्यावी. जाणत्या कारागिराच्या देखरेखीखाली मुलांनी आधी दोष शोधावा, मग झेपेल तेवढी दुरुस्ती करावी. विजेच्या व ज्वालाग्राही वायूच्या कामात शिक्षकांची उपस्थिती अनिवार्य असावी. अधिकाऱ्यांनीही किती साधने वाटली याबरोबरच त्यांपैकी किती चालू आहेत, हे विचारावे.

अंधारलेला एक दिवा विद्यार्थ्यांच्या हातून पुन्हा उजळला, म्हणजे त्या दिव्याचे ज्ञानही गावचे झाले.