विद्यार्थी : ग्राहक की ऋणाईत?



रायगडच्या किनाऱ्याने पिढ्यान् पिढ्या आपली मुले शिकण्यासाठी खाडीपलीकडे धाडली. रेवसला लाँच पकडायची, भाऊच्या धक्क्यावर उतरायचे आणि मुंबईत एखाद्या नातेवाइकाच्या खोलीत राहून अभ्यास करायचा, हा अनेक घरांचा परिपाठ होता. पुढे विद्यापीठेच जिल्ह्यात आली. १९८९ साली लोणेरे येथे शासनाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१४ साली राज्याच्या स्वतंत्र कायद्यान्वये अ‍ॅमिटी हे खासगी विद्यापीठ पनवेलजवळ भाताण येथे सुरू झाले. आज खासगी विद्यापीठात मूल पाठवणे ही केवळ श्रीमंतांची गोष्ट राहिलेली नाही. त्यासाठी मध्यमवर्गीय कुटुंबे कर्ज काढतात, प्रसंगी वाडीचा तुकडाही विकतात.

उरणचा किंवा श्रीवर्धनचा विद्यार्थी अशा कोणत्याही आवारात प्रथम पाऊल ठेवतो तेव्हा तो भारावतो. वसतिगृह, ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्रीडांगण, सारे हाकेच्या अंतरावर असते. शेजारच्या खाटेवर आसामचा किंवा केरळचा सोबती असतो. त्याच्यामुळे देश नकाशातून बाहेर येऊन जेवणाच्या टेबलावर बसतो. हा लाभ लहान नव्हे, आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे.

परंतु काही महिन्यांतच त्याला दुसरी बाजू दिसू लागते. इंग्रजी अडखळले की वर्गात संकोच वाटतो. मित्रांच्या खर्चाशी बरोबरी करताना घरी खोटे सांगावेसे वाटते. आणि ‘एवढी फी भरली आहे, तर मिळालेच पाहिजे’ हे वाक्य नकळत त्याच्याही तोंडी बसते. जेवण, गुण, नोकरी, सर्वांना तेच माप लागते. शिक्षक सेवा पुरवणारा ठरतो आणि विद्यार्थी ग्राहक. खरा धोका शुल्काच्या आकड्यात नाही, तो या एका शब्दात आहे. ग्राहकाने पैसे मोजले की त्याचा हिशेब मिटतो. विद्यार्थ्याचा हिशेब तसा कधी मिटत नाही.

खासगी विद्यापीठ म्हणजे बाजार, हे समीकरण मात्र महाराष्ट्राला नवे शिकवावे लागेल. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, तेही शासनाचे नव्हते. आरंभी विद्यार्थिनी अवघ्या पाच होत्या. शिक्षण मातृभाषेतून दिले जाई. तीस वर्षांहून अधिक काळ त्या पदवीला सरकारी मान्यता नव्हती, म्हणजे नोकरीच्या बाजारात तिचे मोल अल्पच. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. तरीही सत्तरी ओलांडलेले अण्णा निधीसाठी युरोप, अमेरिका व आफ्रिका फिरले. त्या विद्यार्थिनींच्या शिक्षणात अनोळखी माणसांचा पैसा होता आणि त्या ते जाणून होत्या.

याच जिल्ह्याचे दुसरे उदाहरण चिंतामणराव देशमुखांचे. महाडजवळच्या नाते येथे १८९६ साली जन्मलेल्या या विद्यार्थ्याने १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले आणि १९५६ ते १९६१ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. समाजाने गुणवत्तेवर केलेला खर्च अशा रीतीने समाजाकडे परत येतो.

आज कोणी म्हणेल, ‘आमच्या मुलाचे शुल्क तर बापाने भरले, मग ऋण कोणाचे?’ ज्या जमिनीवर आवार उभे राहिले ती एकेकाळी कोणाची तरी शेती होती. फाटकावरचा पहारेकरी आणि भोजनगृहातील मावशी बहुधा लगतच्या गावातल्या असतात. विद्यार्थ्याने त्यांना नावाने ओळखावे, इथूनच ऋणफेडीचा आरंभ होतो.

त्यापुढे ज्ञानाचे ऋण. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय पनवेललाच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा जेथे हलवावी लागली, ती अलिबागची वेधशाळा १९०४ पासून नोंदी घेत आहे. चौलचे प्राचीन बंदर, पेणच्या गणेशमूर्तींच्या कार्यशाळा, भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून राखावे लागणारे खारबंदिस्तीचे बांध, हे सारे किनाऱ्यावर उघडे ग्रंथालय आहे. भौतिकशास्त्राच्या, व्यवस्थापनाच्या, स्थापत्याच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी विषय शोधत दूर जाण्याचे कारण नाही.

पालकांनीही एक पथ्य पाळावे. सुट्टीत घरी आलेल्या मुलाला ‘पॅकेज किती मिळेल?’ हा प्रश्न थोडा उशिरा विचारावा. आधी विचारावे, ‘फाटकाबाहेरच्या गावात कोणाला ओळखतोस?’ आणि कार्यकर्त्यांनी परप्रांतातून आलेल्या मुलांना गणपतीत आपल्या घरी जेवायला बोलवावे. आवाराच्या भिंतीत दार पाडण्याचे काम कायदा करू शकत नाही, ते कुटुंबांनाच करावे लागेल. पदवी विद्यापीठ देईल, परंतु ऋणाची जाणीव घरातूनच न्यावी लागते.